पोच कुणाच्या हातात? ब्राउझरमधल्या नोंदवहीचा इतिहास

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. विषय वरून कॉम्प्युटरचा वाटेल, पण तो आपल्या अर्जांचा, मुदतींचा आणि ‘सर्व्हर डाऊन’चा आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

तहसील कचेरीत अर्ज द्यायला जाणारा जुना माणूस एक गोष्ट कधी विसरत नाही. अर्जाची दुसरी प्रत सोबत नेतो, आवक-जावकच्या टेबलावर तिच्यावर शिक्का आणि तारीख मारून घेतो आणि मगच मागे फिरतो. आवक बारनिशी ही कचेरीची असते, तिच्यात आपली नोंद झाली की नाही हे आपल्याला बघता येत नाही. आपल्या हातात राहते ती फक्त पोच. उद्या साहेब म्हणाले, ‘तुमचा अर्जच आला नाही,’ तर खिशातून कागद काढून दाखवता येतो.

अर्ज ऑनलाइन झाले आणि हा शिक्का गेला. अर्ज नीट भरला गेला तर क्रमांक मिळतो, मान्य. पण नाही भरला गेला तर? शेवटच्या दिवशी रात्री पावणेबारा वाजता स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं, मग ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं आणि बारा वाजून जातात. दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनवरचा माणूस सांगतो, ‘तुमच्याकडचं नेट स्लो असेल.’ पोरगं म्हणतं साइट बंद होती, ते म्हणतात साइट चालू होती. माझ्याकडे बातमीसाठी येणाऱ्या तक्रारींत दर वर्षी ही एक ठरलेली असते. आणि दर वेळी प्रश्न तोच उरतो, पुरावा कुठाय?

पुरावा असतो. तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुमच्याच ब्राउझरमध्ये. त्याला नेटवर्क लॉग म्हणतात. सॉफ्टवेअर तपासणारी मंडळी, म्हणजे टेस्टर, रोज त्याच्यावर पोट भरतात. सामान्य माणसाला मात्र तो आहे हेच माहिती नसतं. तो आला कुठून, कुणी बनवला, कुठे कामी आला, हा इतिहास आज सांगतो.

लॉग म्हणजे ओंडका

‘लॉग’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजांवर वेग मोजायला लाकडाचा तुकडा दोरीला बांधून मागे पाण्यात टाकत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ साली छापलेल्या नौकानयनाच्या पुस्तकात दोरीला बांधलेला ओंडका टाकून वेग मोजण्याची पद्धत दिली आहे. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात, तो यामुळेच. हे आकडे ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. पुढे वेग, वारा, दिशा, अपघात, सगळंच त्या वहीत जाऊ लागलं. जहाज बुडालं किंवा माल भिजला की भांडण सोडवायला ती वहीच साक्षीला येई.

आपल्याला हे नवं नाही. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दी आहेत. त्या त्या दिवशी काय आलं, काय गेलं, याची मोडीतली नोंद. पुण्याच्या पेशवे दफ्तरात इतिहासाचे अभ्यासक अजून त्या वाचतात, कारण घडलं त्याच वेळी लिहिलेली नोंद ही नंतर आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा भरवशाची असते. लॉगचं सगळं तत्त्व या एका वाक्यात आलं.

वही फक्त कचेरीकडे

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ साली मांडली. १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला कळली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सगळ्यांना मोफत खुलं केलं. ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर उत्तर देतो, इतका साधा व्यवहार. अगदी पहिल्या आवृत्तीत तर उत्तरासोबत ‘काम झालं की नाही’ हे सांगणारा आकडाही नव्हता. तो लवकरच आला आणि मे १९९६ मध्ये एचटीटीपीची १.० आवृत्ती लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाली, तिच्यात हे आकडे नीट मांडलेले आहेत.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. दोनशेच्या घरातला आकडा म्हणजे काम झालं. तीनशेच्या घरातला म्हणजे दुसरीकडे जा. चारशेच्या घरातला म्हणजे मागणीतच काही चूक आहे. पत्ता चुकला, लॉगिन संपलं वगैरे. पाचशेच्या घरातला म्हणजे मागणी पोचली, पण सर्व्हरला काम जमलं नाही. ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही. ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरने आतल्या सर्व्हरची वाट बघितली आणि उत्तरच आलं नाही. ढोबळ हिशेब असा: चार आकडा तुमच्या बाजूला बोट दाखवतो, पाच आकडा त्यांच्या बाजूला.

सुरुवातीच्या काळात या सगळ्याची नोंद व्हायची ती सर्व्हरवर. कोण आलं, कधी आलं, काय मागितलं, कुठला आकडा दिला, एकेका मागणीची एकेक ओळ. म्हणजे पुन्हा आवक बारनिशीच. वही कचेरीची आणि नागरिकाच्या हातात काहीच नाही.

तारेवरून काय जातं ते ऐकायची साधनं होती, नव्हती असं नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली टीसीपीडम्प बनवलं. १९९८ साली जेराल्ड कोम्ब्स यांनी इथेरिअल आणलं, तेच २००६ पासून वायरशार्क या नावाने ओळखलं जातं. पण ही नेटवर्क इंजिनियरांची अवजारं. बँकेत क्लार्क असलेल्या माणसाने किंवा कॉलेजच्या पोरीने ती वापरावीत अशी अपेक्षाच नव्हती. शिवाय पुढे बहुतेक साइट कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस झाल्या. तारेवर कान लावून आतला मजकूर वाचता येईना. मजकूर उघडा दिसेल अशी वापरणाऱ्याच्या हातातली जागा एकच उरली, ती म्हणजे त्याचा स्वतःचा ब्राउझर.

पान तेच, आत वाहतूक सुरू

१९९९ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक सोय आणली. पान पूर्ण न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची. तिचं मोल कळायला काही वर्षं गेली. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं.

आज आपण अर्जात जिल्हा निवडतो आणि पान न हलता तालुक्यांची यादी येते, ती याच तंत्राने. पण त्यात एक गोम होती. आधी पान उघडलं नाही तर डोळ्यांना कळायचं. आता पान समोर असतं, बटणं दिसतात आणि आतली एखादी मागणी गपचूप मेलेली असते. वापरणाऱ्याला दिसतं ते फक्त फिरणारं चक्र.

ही अडचण प्रोग्रामर लोकांनाच आधी टोचली. फायरफॉक्स घडवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींपैकी जो हेविट यांनी २००६ च्या सुरुवातीला फायरबग नावाचं जोडसाधन आणलं. लवकरच त्यात ‘नेट’ नावाचा कप्पा आला. ब्राउझरने कुठली मागणी कधी पाठवली, काय उत्तर आलं, किती वेळ लागला, हे धबधब्यासारख्या आडव्या पट्ट्यांत दिसायला लागलं. सफारीमागच्या वेबकिटनेही त्याच वर्षी आपलं तपासणीचं साधन दाखवलं आणि २००८ मध्ये आलेल्या क्रोममध्ये असं साधन ब्राउझरसोबतच मिळू लागलं. जोडसाधन म्हणून फायरबग २०१७ मध्ये थांबला, कारण त्याचं काम फायरफॉक्सने पोटातच घेतलं होतं.

माझ्या मते आवक बारनिशीची एक प्रत नागरिकाच्या टेबलावर आली ती इथे. कुणी आंदोलन केलं नाही, कायदा झाला नाही. काही प्रोग्रामरांनी स्वतःची डोकेदुखी कमी करायला अवजार केलं आणि ते सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर फुकट येऊन बसलं.

पुढचा प्रश्न होता ही नोंद दुसऱ्याला द्यायची कशी. फायरबगवर काम करणारे यान ओडवार्को आणि इतरांनी त्यासाठी एक फाइल-पद्धत ठरवली, हार. एचटीटीपी आर्काइव्हचं ते लघुरूप. साधी मजकुराची फाइल. प्रत्येक मागणीची वेळ, पत्ता, पाठवलेला मजकूर, आलेलं उत्तर, आकडा आणि वेळेचे तुकडे तिच्यात असतात. पत्ता शोधायला किती वेळ गेला, जोडणी व्हायला किती, सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात किती, उत्तर उतरवून घ्यायला किती. ही पद्धत वेबच्या मानक संस्थेने अधिकृत मानक म्हणून कधी पूर्ण केली नाही. तरी मोठे ब्राउझर ती फाइल देतात. लोकांनी वापरली म्हणून ती रूढ झाली.

वेळेचे हे तुकडे म्हणजे खरी गंमत आहे. ‘तुमचं नेट स्लो असेल’ या उत्तराची इथे परीक्षा होते. जोडणीलाच वेळ लागला असेल, किंवा उत्तर उतरायला वेळ लागला असेल, तर हेल्पलाइनवाला बरोबर असण्याची शक्यता आहे. पण जोडणी लगेच झाली, मागणी गेली आणि पुढची साठ सेकंदं नुसती वाट बघण्यात जाऊन ५०४ आला, तर दोष तुमच्या नेटच्या माथी मारता येत नाही.

बटण दाबणारा यंत्रमानव

याच सुमाराला दुसरी एक गोष्ट समांतर चालली होती. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स हे कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास आणि खर्च नोंदवणाऱ्या अंतर्गत साइटवर काम करत होते. तीच तीच बटणं हाताने दाबून तपासायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी ब्राउझरला आपोआप चालवणारं साधन लिहिलं, सेलेनियम. तेव्हा या धंद्यात मर्क्युरी नावाची मोठी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, अशी त्या नावामागची थट्टा. पुढे सायमन स्टुअर्ट यांचं वेबड्रायव्हर त्यात मिळालं आणि २०१८ मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. आपल्या भागातली कितीतरी पोरं हिंजवडीला, खराडीला ‘टेस्टिंगमध्ये आहे’ असं सांगतात, त्यातल्या अनेकांनी पहिला धडा सेलेनियमचाच गिरवलेला असतो.

यंत्र न थकता तपासतं, पण त्याची एक खोड आहे. तीच चाचणी, तोच प्रोग्राम, आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास. टेस्टर लोक हिला ‘फ्लेकी’ म्हणतात, आपण लहरी म्हणू. गूगलने २०१६ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं, की त्यांच्याकडच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत थोडाफार लहरीपणा आहे आणि पास असलेली चाचणी अचानक नापास होते त्यातल्या ८४ टक्के वेळा मामला लहरी चाचणीचा असतो. मग माणसं काय करतात? ‘असंच होतं मधूनमधून, पुन्हा चालव.’ खरा बिघाड असेल तर तोही या गर्दीत दडून बसतो.

इथे नेटवर्क लॉग कसा लागतो ते आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. चाचणी अशी आहे: अर्ज उघड, जिल्हा निवड, मग तालुका निवड. दहातून दोनदा ती नापास होते, ‘तालुका सापडला नाही’. स्क्रीनशॉट बघितला तर यादी आहे, पण दुसऱ्याच जिल्ह्याच्या तालुक्यांची. हाताने करून बघितलं तर सगळं ठीक. आता लॉग उघडा. पान उघडताच ब्राउझरने यादीतल्या पहिल्या जिल्ह्याचे तालुके मागितले. पाठोपाठ यंत्राने आपला जिल्हा निवडला, म्हणून दुसरी मागणी गेली. दोन्हींची उत्तरं २००, म्हणजे दोन्ही यशस्वी. फक्त ज्या वेळा चाचणी फसली त्या वेळी पहिल्या मागणीचं उत्तर दुसरीच्या नंतर पोचलं आणि बरोबर यादीवर चुकीची यादी येऊन बसली.

एकही आकडा लाल नाही. सर्व्हरच्या वहीत दोन मागण्या आल्या, दोन उत्तरं गेली, सगळं आलबेल. उत्तरं कुठल्या क्रमाने पोचली हे फक्त ब्राउझरच्या वहीत दिसतं. गावाकडे नेट मंद असतं, तिथे हा घोळ शहरापेक्षा जास्त वेळा होणार. आणि अर्ज भरणाऱ्याला वाटणार, आपल्यालाच जमत नाही. म्हणूनच चाचणी नापास झाली की नेटवर्कची नोंद आपोआप जपून ठेवायची सोय आता नव्या साधनांत असते. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेलं प्लेराइट हे त्यातलं एक.

१ ऑक्टोबर २०१३

आता सार्वजनिक इतिहासाकडे येतो. अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह ही साइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली. ३६ राज्यांतल्या लोकांनी तिच्यावरून विमा घ्यायचा होता. पहिल्या दिवशी लाखो लोक आले. पुढे संसदीय समितीने जी टिपणं बाहेर काढली त्यांनुसार पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झालेल्यांची संख्या होती ६. सहा हजार नव्हे, सहा.

सरकारचं पहिलं उत्तर आपल्या ओळखीचं होतं: गर्दी फार झाली. पण त्याच आठवड्यात रॉयटर्सने बातमी दिली. वेबसाइट बनवण्यातल्या एका स्वतंत्र जाणकाराने फायरफॉक्समधली सोय वापरून बघितलं होतं, की ‘अर्ज करा’ हे बटण दाबल्यावर ९२ वेगवेगळ्या फाइलींची देवाणघेवाण होते, त्यातल्या ५६ निव्वळ जावास्क्रिप्टच्या. म्हणजे प्रत्येक माणसामागे सर्व्हरवर एवढा भार. गर्दी होतीच, पण दार अरुंद कसं बांधलंय हे बाहेरच्या माणसाने घरी बसून दाखवलं. त्याला ना आतला माणूस लागला, ना गोपनीय कागद. त्याच्या ब्राउझरने जी पोच दिली तीच बातमी झाली. पत्रकार म्हणून मला ही घटना फार मोलाची वाटते.

त्याच महिन्यात ॲरिझोनातले अनुभवी टेस्टर बेन सायमो यांनी स्वतःच्या खात्यावर साइट तपासली. त्यांना दिसलं, की पासवर्ड बदलण्यासाठी लागणारा कोड स्क्रीनवर दिसत नसला तरी ब्राउझरकडे येतोच आहे. दुसऱ्याचं वापरनाव ओळखता आलं, की तो कोड मिळवून पुढे त्याच्या खात्यापर्यंत जायची वाट मोकळी. बातमी झाली आणि मग ते भोक बुजवलं गेलं.

२४ ऑक्टोबरला ठेकेदार कंपन्यांची संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. तिथे कबुली आली, की सगळे भाग जोडून सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी झाली ती साइट सुरू होण्याआधीच्या जेमतेम दोन आठवड्यांत. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या मंडळींत गूगलमधून आलेले मायकी डिकरसन होते. या पथकाला धक्का बसला तो वेगळाच. साइटचं काय चाललंय हे एका नजरेत दाखवणारा फलकच तिथे नव्हता. त्यांनी आधी मोजमाप सुरू केलं, मग दुरुस्ती. दोन महिन्यांत पान उघडायचा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला आणि पुढच्या वसंतापर्यंत ८० लाख लोकांनी विमा निवडला. नोंद आधी, निदान मग, औषध शेवटी. हा क्रम उलटा केला की काय होतं ते जगाने बघितलं.

वही एकाच बाजूला असली की

ब्राउझरचा लॉग नव्हता अशा ठिकाणी काय झालं तेही सांगायला हवं. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून होरायझन ही फुजित्सूची संगणक प्रणाली बसवली गेली. गावोगावची पोस्ट चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते म्हणत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत, मशीन चुकतंय. खातं म्हणत होतं, मशीन ठीक आहे. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. आतली तपशीलवार नोंद फुजित्सूकडे होती. आरोपीच्या हातात होता तो फक्त तुटीचा आकडा. भरीस भर म्हणजे संगणक नीट चालू होता हे आधी दाखवा, अशी अट घालणारं कलम ब्रिटनने १९९९ मध्येच काढून टाकलं होतं. म्हणजे मशीन बरोबर हे गृहीत, चूक सिद्ध करायची ती आरोपीने.

ॲलन बेट्स आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लढून २०१९ मध्ये उच्च न्यायालयात निकाल मिळवला. सुरुवातीची होरायझन भरवशाची नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून बाकीच्या निकालांचा मोठा भाग पुसला. वीस-बावीस वर्षं गेली. त्या लोकांकडे आपल्या बाजूची एक ओळीची पोच असती, तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

जालन्याचा निकाल

आता आपल्या दारात या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजय मिळवला. गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला असं त्यांचं म्हणणं. पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रीकरण. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने प्रमाणपत्र लागतं आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० चा निकाल आज देशभर दाखल्यासाठी वापरला जातो. प्रमाणपत्र सक्तीचं, पण ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तोच देत नसेल आणि मागणाऱ्याने शक्य ते सगळं केलं असेल, तर त्याला त्यापायी अडवता येणार नाही.

म्हणजे बघा, मुदतीनंतर अर्ज आला की आधी, हा वाद आमदारकीपर्यंत जाऊ शकतो आणि तिथेही निकाल ‘वेळेची नोंद कुणाकडे आहे’ यावरच फिरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र आहे. त्यात फाइलचं ‘हॅश’, म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, नोंदवावा लागतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण हार ही साध्या मजकुराची फाइल आहे. कुणीही उघडून आकडा बदलू शकतो. नुसती फाइल दाखवली म्हणून जिंकलं असं होत नाही. पण तुमची फाइल आणि त्यांच्या सर्व्हरची वही या दोन्ही समोरासमोर ठेवायची मागणी तिच्या जोरावर करता येते. दोन वह्या जुळल्या की खोटं बोलणाऱ्याची पंचाईत होते.

करायचं काय

कॉम्प्युटरवर अर्ज भरताना गडबड वाटली तर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबा. ‘नेटवर्क’ हा कप्पा निवडा. ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा (फायरफॉक्समध्ये ते ‘पर्सिस्ट लॉग्ज’ असतं), नाहीतर पान बदललं की नोंद पुसली जाते. हे सगळं आधी करायचं आणि मग बटण दाबायचं, कारण कप्पा उघडण्याआधीची नोंद बहुधा मिळत नाही. लाल ओळ दिसली की आकडा बघा, वेळ बघा, घड्याळासकट स्क्रीनचा फोटो काढा आणि हार फाइल सेव्ह करा. सेतूवाल्या, सायबर कॅफेवाल्या मित्रांनी तर हे शिकूनच घ्यावं.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. हार फाइलमध्ये तुमचं चालू लॉगिन, टाइप केलेला मजकूर, आधार क्रमांक, सगळं असू शकतं. २०२३ मध्ये ओक्टा या लॉगिन सांभाळणाऱ्या मोठ्या कंपनीच्या मदत-विभागात चोर शिरले. ग्राहकांनी तक्रारीसोबत दिलेल्या हार फाइली त्यांनी उचलल्या आणि त्यातल्या चालू लॉगिनच्या खुणा वापरून काही कंपन्यांच्या खात्यांवर हल्ला केला. त्यानंतर क्रोमने अशा खुणा वगळून फाइल देणं हीच नेहमीची पद्धत केली. तरीही ही फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मलाही कमेंटमध्ये पाठवू नका. फोटोपुरता आकडा आणि वेळ बास.

आणि ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांचं काय? मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एफ१२ नाही. केबल लावून कॉम्प्युटरवरून बघता येतं, पण ते शेतात उभ्या माणसाला सांगून उपयोग नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त अर्ज असेच भरले जात असणार, असं मला वाटतं. म्हणून सगळा भार नागरिकावर टाकून चालणार नाही. मागणी वरच करायला हवी.

माझ्या मागण्या तीन. एक, अर्ज अयशस्वी झाला तरी स्क्रीनवर वेळ आणि त्रुटी क्रमांक आलाच पाहिजे, तोच आमचा शिक्का. दोन, मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाचशेच्या घरातली किती उत्तरं दिली, हा तासावार आकडा विभागाने दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाहीर करावा आणि तो ठरावीक प्रमाणाच्या वर गेला तर मुदत आपोआप वाढावी, निवेदनं देत फिरायला लावू नये. तीन, साइट सुरू करण्याआधी मंद नेटवर आणि साध्या मोबाइलवर केलेल्या चाचण्यांचा निकाल ठेकेदाराने सार्वजनिक करावा. यातलं काहीच अवघड नाही. ही सगळी माहिती सर्व्हरच्या वहीत आजही लिहिली जातेय.

तोवर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. ‘अमुक तारखेला रात्री दहा ते बारा या वेळेत संकेतस्थळाने दिलेल्या त्रुटींची संख्या’ असं नेमकं विचारा. ‘सर्व्हर डाऊन होता का’ असं मोघम विचारलं की ‘नाही’ असं मोघम उत्तर येतं.

येत्या प्रवेशाच्या हंगामात तुमच्याकडे असा प्रकार झाला तर साइटचं नाव, तारीख, वेळ आणि आकडा एवढंच मला मेसेज करा. चार-पाच तालुक्यांतून एकाच तासातला एकच आकडा आला, तर ‘तुमचं नेट स्लो असेल’ हे उत्तर कुणालाच देता येणार नाही. बातमी करायची जबाबदारी माझी.